आंबाटेकच्या शाळेतल्या जन्मतारखा

आंबाटेक (संग्रामपूरजवळ)
ता. १७ डिसेंबर १९६३

गुरुजी,

अन्नपूर्णाचा नमस्कार. आधी हाताचं लिहा, मग बाकीचं. प्लास्टर कधी काढणार म्हणते डॉक्टर? मोडला तो डावा हात, उजवा शाबूत आहे. मग कार्डावर दोनच ओळी काऊन? "सामान बांध. गाडी करून बुलढाण्याले ये." नवऱ्यानं बायकोले लिहिलं का तहसीलदारानं कोतवालाले, मले समजेचना.

येते हो, येते. भांडी पोत्यात भरली. तुमच्या पुस्तकांची पेटी बांधली. पण गाडी मिळून नाही राह्यली. कापसाचे दिवस, सगळ्यायच्या गाड्या जिनात गेलेल्या. मिळाली की निघते. तोवर भासऱ्यायले अन् जाऊबाईले म्हणा, गुरुजीले दोन वेळचं ऊन ऊन वाढत जा, हा माणूस मागून खात नाही.

फौजदाराले द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला. वाचून पाहा, बरोबर आहे का: "मौजे आंबाटेकच्या एकशिक्षकी शाळेच्या मास्तरांनी, गावचे पुढारी भगवंतराव यांचा पुतण्या इंद्रभान याचं वय पंचायतीच्या निवडणुकीसाठी दोन वर्षं वाढवून लिहायला नकार दिला. म्हणून दिनांक ७ डिसेंबरच्या शनिवारी भगवंतरावांच्या चार माणसांनी त्यांना शाळेतून ओढत आणून भर बाजारात मारलं, हात मोडला, आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर रॉकेल टाकून जाळलं." खाली तुमची सही पाहिजे. जागा सोडली आहे.

शाळेची किल्ली माह्यापाशीच राह्यली. भगवंतरावाचा माणूस मागायले आला होता, म्हणे पंचायतीत जमा करा. मी म्हटलं, सापडून नाही राह्यली. कमरेलेच होती.

तुमची
अन्नपूर्णा

*

ता. ४ जानेवारी १९६४

गुरुजी,

तुमचं दुसरं कार्ड पोचलं. रागवू नका. गाडी मिळाली होती, पण त्याच दिवशी आपली कपिली व्यायली. ओल्या बाळंतिणीले सोडून कशी निघू? पाडी झाली, कपाळावर चांदवा आहे. दहा-पंधरा दिवस तरी जातील.

अर्ज तुम्ही सही न करता परत पाठवला. वर लिहिलं, "साक्षीदार कोण?" बरं.

कोणी इकडे येणारं असंल तर खडूची एक पेटी पाठवा. कायले पाहिजे म्हणाल. मुंग्या लय झाल्या. खडूची रेघ ओढली का मुंग्या येत नाही, हे तुम्हाले ठाऊक नसंल, तुम्ही कधी सैपाकघरात आले? अन् चौथीच्या गणिताचं पुस्तक कोणत्या पेटीत आहे? सहज विचारून राह्यली. बांधाबांधीत दिसलं नाही.

तुमच्या जागेवर दोघायची ऑर्डर निघाली होती म्हणतात. एक आलाच नाही. दुसरा एष्टीतून उतरला, बाजारातल्या माणसायले काय विचारलं कोण जाणे, त्याच एष्टीनं परत गेला. आसपासच्या गावायचंही तसंच. नदीपलीकडचा मास्तर बारा वाजले का सायकलवर टांग टाकते. म्हणते, आंबाटेकच्या मास्तरचा हात मोडला, माह्यी तर मान मोडतील. त्याच्या शाळेत आता बकऱ्या बसतात.

हात खाजवत असंल तर प्लास्टरमध्ये काडी घालू नका. तुमची ती सवय आहे.

अन्नपूर्णा

*

ता. २० जानेवारी १९६४

गुरुजी,

रज्जाक मनियार तुम्हाले बुलढाण्याले भेटला अन् सगळं ओकला! त्याच्या तोंडाले कुलूप म्हणून नाहीच. हाव, उघडली मी शाळा. तुम्ही गेले त्याच्या दुसऱ्या सोमवारपासून उघडली. खडू मुंग्यायले नव्हते. पण गाय खरंच व्यायली, तेवढं खोटं नाही.

पहिल्या दिवशी सहा पोट्टे आले. त्यातले दोन चुकून आले होते. भगवंतरावानं दवंडी दिली होती, शाळा बंद आहे, कोणी पोट्टे पाठवू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी रज्जाकची गौसिया आली, आपल्या आईचं बोट धरून. खैरुन्निसा म्हणाली, "बाई, इसके अब्बा नको म्हणत होते. मी म्हटलं, घर में बैठके काय बांगड्या मोजंल?" आज एकोणीस आहेत. चौथीचे अकराच्या अकरा आहेत.

मी सातवी शिकली, ती काय तुमच्यासारखं शिकवणार? त्रैराशिक मीच विसरली होती. आदल्या दिवशी अंगणात बसून स्वतः शिकते अन् दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायले असं सांगते जशी जन्मापासून मले येत होतं. परवा माहं गणित चुकलं. गौसियानं उभं राहून सांगतलं. मी म्हटलं, मुद्दाम चुकवलं, पाहत होती कोणाच्या ध्यानात येते. तुम्हीही असंच करत होते ना? आता समजलं मले.

तुम्ही लिहिता, "त्या गावानं मला मार खाताना पाहिलं. एकानंही अरे म्हटलं नाही. त्या गावाच्या पोरांना मी शिकवणार नाही. बदलीचा अर्ज दिला आहे." अन् खाली, "तुलाही मारतील." बाईवर हात टाकायले त्यायले अजून लाज वाटते. पुढचं पुढं. शाळेच्या टिनावर मधून मधून काही पडते, ते माकडं असतील.

अन् पोट्ट्यायवर कायचा राग हो? ते बाजारात थोडीच होते. शाळेच्या भिंतीमागं दडून रडत होते बिचारे.

मी येऊन नाही राह्यली. आता बहाणे संपले, सरळ लिहिते.

अन्नपूर्णा

*

ता. ११ फेब्रुवारी १९६४

गुरुजी,

माह्या हातून मोठी घोडचूक झाली. ऐका.

शिक्षण विस्तार अधिकारी आले होते. माणूस भला दिसला, पण नियमाचा पक्का. म्हणाले, चौथीची परीक्षा एप्रिलात संग्रामपूरच्या केंद्रावर. फॉर्मवर जन्मतारीख लागते, अन् ती रजिस्टरातून घ्यावी लागते. रजिस्टर कुठं आहे? मी म्हटलं, जळालं साहेब, पण मी नवं केलं. अन् मोठ्या ऐटीत पुढं ठेवलं.

तुम्ही कसं लिहीत होते ते मी इतके वर्षं पाहिलंच होतं. माय पोट्ट्याले घेऊन यायची, तारीख तिले सांगता यायची नाही, तुम्ही पोट्ट्याच्या दातांकडे पाहायचे अन् १ जुलै टाकून द्यायचे. मीही तेच केलं. अकराच्या अकरा जणायले १ जुलै टाकली. अन् घाईघाईत सालही एकच!

साहेबानं चष्मा वर केला. "काय हो बाई, सारं गाव एकाच दिवशी बाळंत झालं काय?"

दारात उभे असलेले भगवंतराव अन् त्याचे लोक फिदीफिदी हसले. भगवंतराव म्हणाले, "साहेब, हेच तर मी गुरुजीले विचारत होतो. सगळ्या गावाच्या तारखा तू मनानंच टाकतो, मग आमच्याच पोट्ट्याची टाकाले तुले काय धाड भरली?"

गुरुजी, त्या दिवशी तुम्ही हात का उचलला नाही, तोंडातून शब्द का काढला नाही, ते मले तिथं उभ्या उभ्या समजलं. त्या प्रश्नाले तुमच्यापाशी उत्तर नव्हतं. तुम्ही कोणाचं वाईट केलं नाही, पण मनानं टाकत होते हे खरं. मीही मान खाली घालून उभी राह्यली.

साहेबानं मुदत दिली. एक मार्चले ते परत येतील. प्रत्येक लेकराची तारीख पुराव्यानिशी पाहिजे, अन् दहा मार्चच्या आत मुख्याध्यापकाची सही पाहिजे. नाहीतर अकरा जण परीक्षेले बसत नाही. अन् चौथीच बसली नाही तर जूनपासून ही शाळा मोडून दुसऱ्या गावाले जोडतील. तीन कोस, मधात नदी. पोट्टे जातीलही दोन-चार, पोरी एक नाही जाणार. गौसियाचं लग्न करून टाकतील, गुरुजी. दहा वर्षांची आहे.

आता एक गोष्ट लिहायची राह्यली. राह्यली नाही, मी लपवली. त्या शनिवारी मी घरी होती असं तुम्हाले वाटते. मी बाजारातच होती. खैरुन्निसाच्या बांगड्यांच्या दुकानामागं, हातात मेथीची जुडी घेऊन. तुमचा चष्मा पडला, त्यावर कोणाचा पाय पडला, ते मले दिसलं. माह्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी घरी आली, ती मेथी निवडली, फोडणीले टाकली, अन् तुम्हाले खाटेवर घालून आणलं तेव्हा "काय झालं वो माय" म्हणून विचारलं. गावानं अरे म्हटलं नाही, त्या गावात पहिली मी. माह्यी मलेच इतकी लाज वाटते का तुमच्यासमोर यायची हिंमत होत नव्हती. कपिलीचं अन् गाडीचं सगळं त्याच्यासाठीच होतं.

आता बदली कोणापासून मागता ते ठरवा.

अन्नपूर्णा

*

ता. २ मार्च १९६४

गुरुजी,

तुमचं उत्तर नाही. येईल तेव्हा येईल. काल जे झालं ते लिहिल्याशिवाय मले पाणी गोड लागणार नाही.

मी इचार केला, तारीख मास्तरले माहीत नाही, सरकारले माहीत नाही, तर माहीत कोणाले आहे? जी बाळंत झाली तिले! अन् जिनं बाळंत केलं त्या अंबूबाई सुईणीले. तारीख म्हणून नाही, पण दिवस म्हणून त्यायले घडी-पळासगट याद आहे. फक्त कोणी कधी विचारलंच नाही. खैरुन्निसा बांगड्या घेऊन घरोघर फिरते. तिनं बांगड्या भरता भरता घरोघरी सांगून दिलं, रविवारी शाळेत या. देवळातल्या जोशीबुवायकडून मी जुनी पंचांगं आणली, दहा-बारा वर्षांची, उंदरानं कुरतडलेली, पण वाचता येतात.

साहेब खुर्चीवर बसले. बाया अंगणात आल्या खऱ्या, पण फाटकाशी भगवंतराव उभे, अन् ते चौघं. एकही बाई बोलेना. मले वाटलं, झालं, आता हेही बुडालं.

तर खैरुन्निसा उठली. "लिखो बाई. मेरी गौसिया. मोहरमच्या सवाऱ्या उठल्या त्या दिवशी झाली. बाहेर ताशे इतके वाजत होते का माझं ओरडणं अंबूबाईलेही ऐकू येत नव्हतं." अंबूबाई म्हणाली, "हाव, अन् मी हिले म्हटलं, ओरड बाई ओरड, आज फुकट आहे!" बाया हसल्या. साहेबही हसले. पंचांगात मोहरम लिहिलेलाच होता.

मग काय, तोंडंच उघडली. एकीचा पोरगा ग्रहणाच्या संध्याकाळी झाला, तिची सासू दारात आडवी पडली होती का सूर्य सुटल्याशिवाय बाहेर नेऊ नका म्हणून. एकीचा, गावात पहिली एष्टी आली त्या दिवशी, नवरा एष्टी पाहायले गेला अन् घरी आला तर पोरगं. विमलबाईची जुळी पोळ्याच्या करीले. बाया एकमेकींले दुरुस्त करून राह्यल्या. "अवं, तुहा बंडू नाही, तुही सुमन पोळ्याची." अंबूबाई मधात बसून न्यायाधीशासारखी मान हलवत होती. अकरा झाले. मग तिसरीचे, दुसरीचे. मले लिहायले पुरून नाही राह्यलं.

भगवंतराव ओरडले, "साहेब, बायकायच्या गप्पांवर सरकार चालते काय?"

तेव्हा गर्दीतून एक बाई पुढं आली, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत. मी ओळखलंच नाही. पदर वर केला तर सत्यभामाबाई! भगवंतरावाची विधवा भावजय, इंद्रभानची आई. वीस वर्षांत त्या वाड्याबाहेर चार बायकांत बोललेली कोणी ऐकली नाही.

"माह्या पोराचंही लिहा," म्हणाली. "इंद्रभान. त्याचा बाप गेला, त्याच्या तेराव्याच्या दिवशी झाला. इकडे पंगत बसली होती अन् तिकडे मी बाळंत होत होती."

भगवंतराव धावले, "भाभी, घरी चला!"

ती हलली नाही. "तुम्ही म्हणता तो दोन वर्षं आधी झाला. म्हणजे बापाच्या मांडीवर खेळला. त्यानं बापाचं तोंड पाहिलं नाही, भाऊजी. निवडणुकीसाठी त्याचं तेवढं दुःखही खोटं करता काय? साहेब, आमच्या वावरात त्याच्या बापाचा चबुतरा आहे. दगडावर तारीख कोरली आहे. खामगावहून कारागीर ह्यायनंच आणला होता, भाऊ गेला म्हणून धाय मोकलून रडत होते तेव्हा. जा, वाचून या. कागद जाळला तुम्ही. आता तो दगड जाळून दाखवा."

गुरुजी, साहेब उठले अन् खरंच वावरात गेले. मागं सगळ्या बाया. मागं सगळं गाव. इंद्रभानही. साहेबानं वाकून मोठ्यानं वाचलं, ९ सप्टेंबर १९४३. मी तिथंच उभ्यानं रजिस्टर हातावर धरून लिहिलं: इंद्रभान, जन्म २१ सप्टेंबर १९४३. इंद्रभान आईजवळ जाऊन उभा राह्यला. काकाकडे गेला नाही एवढं खरं.

त्या प्रश्नाले आता उत्तर आहे, गुरुजी. ह्या रजिस्टरात एकही तारीख मनानं टाकलेली नाही.

अन्नपूर्णा

*

ता. ५ मार्च १९६४

गुरुजी,

रजिस्टर रज्जाकच्या हातानं पाठवता आलं असतं. नाही पाठवत. एकदा जळालं, आता ते गावाबाहेर जाणार नाही. सही पाहिजे तर इथं येऊन करा. दहा तारखेले मुदत संपते. शनिवारी सात तारीख आहे, बाजाराचा दिवस. वावरातून आडवाटेनं येऊ नका. एष्टीतून उतरा अन् बाजारातून या.

मी तुम्हाले घ्यायले येणार नाही. माहा वर्ग असते.

अन्नपूर्णा

*

ता. ९ एप्रिल १९६४
(गुरुजीले, मुक्काम संग्रामपूर, परीक्षा केंद्र, रज्जाकच्या हस्ते)

गुरुजी,

पोट्ट्यायचे दोन पेपर झाले म्हणून रज्जाक सांगून गेला. गणित सोपं होतं म्हणे, अन् गौसियानं नदीपलीकडच्या त्या मास्तरलेच एक चूक दाखवली! त्यानंही बदलीचा अर्ज दिला होता, तो मागं घेतला. त्याच्या शाळेतल्या बकऱ्या बाहेर निघाल्या.

तुम्ही आल्यापासून तुमच्याशी धड बोलायले वेळच मिळाला नाही. सही करून लगेच वर्गात शिरले, माहा खडू हातातून घेतला, अन् मग महिनाभर ह्या अकरा जणायच्या मागं लागले. म्हणून पुन्हा लिहूनच सांगते. त्या शनिवारी तुम्ही बाजारातून आले, ते खाली पाहत आले. मागं वळून पाहिलं नाही. मागं काय झालं ते तुम्हाले कोणी सांगतलं नाही ना?

मी वर्ग सोडला होता. खोटं लिहिलं होतं, येणार नाही म्हणून. खैरुन्निसाच्या दुकानापाशी उभी होती, ह्या वेळेस पुढं. तुम्ही भाजीवाल्यायच्या ओळीपाशी आले, तेव्हा पहिल्यांदा अंबूबाई तुमच्या मागं चालायले लागली. मग विमलबाई, तिचा तराजू तसाच लोंबकळत ठेवून. मग बाप्ये. कोणी घोषणा नाही, काही नाही. नुसते चालत. शाळेच्या फाटकाशी तुम्ही पोचले तेव्हा बाजारात बसलेलं एक माणूस राह्यलं नव्हतं. गाई वांगे खाऊन गेल्या लोकायचे, अन् कोणी हाकललं नाही. तुमच्या पाठीमागं पाहून मी इतकी रडली का पोट्ट्यायनं विचारलं, बाई, गुरुजीनं मारलं काय?

आता लपवलेलं सगळं सांगून टाकते. टिनावर माकडं नव्हती, गोटे होते. एक माह्या खांद्याले लागला होता, खूण अजून आहे. तुम्ही विचारलं तेव्हा पाट पडला म्हटलं. दोनदा मी सामान खरंच गाडीत भरलं होतं. दोन्ही वेळेस पोट्टे सातच्या ठोक्याले दारात येऊन बसले, अन् त्यायनं सामान पुन्हा उतरवलं. बाई, शाळा बदलून राह्यली काय, म्हणून विचारत होते.

वय एकवीस भरत नाही म्हणून इंद्रभानचा निवडणुकीचा फॉर्म बाद झाला. काल तो आला, टिनाचे फुटलेले पत्रे काढून नवे ठोकले. "गुरुजी आले का माफी मागीन," म्हणाला. मी म्हटलं, माफी मागच, पण आधी उतरताना शिडी सांभाळ. भगवंतराव बाजाराच्या दिवशी आता वावरातच असतात.

अन् फौजदारीच्या अर्जावर तुम्ही सही करून गेले, साक्षीदाराची जागा मोकळी ठेवून. ती मी काल भरली. कोण साक्षीदार, असं विचारलं होतं ना तुम्ही? सव्वीस जणायनं नावं दिली. पहिलं नाव माह्यं आहे. "मी तिथं होती, मी पाहिलं," असं लिहिलं अन् खाली सही केली. ठाण्यात मीच नेऊन दिला.

आज सकाळपासून नवीन नावं घालायले बाया येऊन राह्यल्या. जूनले दोन महिने आहेत, पण त्यायले धीर नाही. दाराशी रांग आहे. प्रत्येक जणी आधी जन्माची गोष्ट सांगते, मग नाव सांगते. सत्यभामाबाई रांगेत सगळ्यायच्या मागं होती, शेजारच्या दोन पोरी घेऊन, त्यायच्या घरचे पाठवत नव्हते म्हणून. पट त्रेसष्टवर गेला. पुढच्या वर्षी दुसरा मास्तर द्यावा लागंल, असं साहेबानंच लिहून पाठवलं आहे, अन् तोवर मीच.

पण बसवायचं कुठं? संग्रामपूरच्या बाजारातून येताना टाटपट्टी आणा. लांब पाहून आणा.

अन्नपूर्णा